लिस्बनच्या काउंटरवर विमा घेण्याआधी

गोव्यात राहणाऱ्या माणसाला भाड्याची गाडी अपरिचित नसते. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत क्रमांक लिहिलेल्या गाड्या दाबोळीपासून हरमलपर्यंत रोज नजरेस पडतात, आणि त्या चालवणारे पर्यटक फोंड्याच्या चौकात अडखळले की त्यांच्यावर मनातल्या मनात चिडण्याचीही आम्हांला सवय झालेली आहे. आपणच परक्या देशात तसे भाडेकरू झालो तर नेमकी कोणती जबाबदारी आपल्या गळ्यात येते, याचा विचार मात्र मी पोर्तुगालच्या प्रवासाची आखणी सुरू होईपर्यंत कधी केला नव्हता. पत्नीचा धाकटा भाऊ कित्येक वर्षांपासून लिस्बनजवळच्या ओदिव्हेलासला राहतो. त्याच्याकडे उतरायचे आणि मधले काही दिवस आलेन्तेजू भागात एव्होरा, एल्वास आणि आसपासची खेडी स्वतः गाडी चालवत पाहायची, असे आम्ही ठरवले. बस आणि रेल्वेने एव्होराला जाता येते. तिथून पुढच्या लहान गावांना जायचे तर स्वतःची गाडी हवीच.

आरक्षणाचे पान उघडले तेव्हा पहिले आश्चर्य वाटले ते भाड्याचे. लहान गाडीचे रोजचे भाडे आपल्याकडच्या हंगामातल्या भाड्याहून फार वेगळे नव्हते. पण त्याच्याखाली विम्याच्या नावाने जे पर्याय दिले होते, त्यांतले काही गाडीच्या भाड्यापेक्षाही महाग होते. एकाला ‘बेसिक’ म्हटले होते, एकाला ‘सुपर’, तिसऱ्याला ‘पूर्ण मनःशांती’ अशा अर्थाचे काही नाव होते, आणि प्रत्येकाखाली बरोबरच्या हिरव्या खुणांची रांग होती. कशाला नाही म्हटल्यावर नेमके काय गमवावे लागेल, ते कुठेच एका वाक्यात लिहिलेले नव्हते. मेव्हण्याला विचारले तर तो म्हणाला, “भावोजी, इथे विमा सगळ्या गाड्यांना असतोच, काळजी करू नका.” त्याचे म्हणणे खरे होते, परंतु त्याने सांगितलेला विमा आणि पानावर विकायला ठेवलेला विमा या दोन निराळ्या गोष्टी होत्या, हे मला बऱ्याच वाचनानंतर उलगडले.

या वाचनाला दिशा मिळाली ती आमच्या वाड्यावरच्या एका तरुणामुळे. तो स्वतः गाड्या भाड्याने देतो. त्याने मला संध्याकाळी अंगणात बसवून आपल्या बाजूची, म्हणजे मालकाची, गणिते सांगितली. ठेव म्हणून घेतलेली रक्कम हा विमा नव्हे. गाडी देताना तो चारही बाजूंनी चित्रफीत काढतो ती भांडण टाळण्यासाठी. आणि दुरुस्ती चालू असताना गाडी उभी राहते त्या दिवसांचे भाडेही तो ग्राहकाकडून मागतो, कारण विमा कंपनी ते देत नाही. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्या चोरून भाड्याने देणाऱ्यांवर त्याचा विशेष राग आहे, आणि त्यात केवळ धंद्यातली स्पर्धा नाही. खासगी गाडीच्या पॉलिसीत ती भाड्याने देता येणार नाही अशी वापराची मर्यादा लिहिलेली असते. त्यामुळे अशी गाडी कुठे आदळली तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते, आणि तो खर्च शेवटी पर्यटकाच्या अंगावर येतो. काका, तुम्ही कुणाकडून गाडी घेता त्यापेक्षा कागदावर काय लिहून घेता ते पाहा, असे त्याने बजावले. परदेशातल्या करारपत्राच्या बारीक अक्षरांकडे मी गांभीर्याने पाहू लागलो ते त्या संध्याकाळपासून.

आपल्या देशातल्या मोटार विम्याची जी समज आपल्याला असते ती तिथे अर्धी उपयोगी पडते आणि अर्धी दिशाभूल करते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि हा विमा गाडीच्या मालकाला नव्हे तर त्या गाडीमुळे ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देतो, एवढे बहुतेकांना माहीत असते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो, आणि त्यावर जास्त हप्ता भरला की सुट्या भागांचा घसारा न कापता रक्कम मिळते. आपल्याकडे त्याला सर्रास ‘बंपर टू बंपर’ म्हणतात. दाव्याच्या वेळी मालकाने स्वतः सोसायची सक्तीची रक्कम १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २००० रुपये असते. ती इतकी किरकोळ असते की तिच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. युरोपातल्या भाड्याच्या गाडीत नेमकी हीच किरकोळ वाटणारी रक्कम सगळ्या व्यवहाराचे केंद्र होऊन बसते.

थर्ड पार्टी विमा तिथेही सक्तीचा आहे आणि तो भाड्यातच धरलेला असतो. ग्राहकाने तो वेगळा विकत घ्यायचा नसतो. युरोपीय संघाच्या निर्देशानुसार ठरलेल्या त्याच्या किमान मर्यादा वाचून मी थोडा थबकलो: एका अपघातामागे शारीरिक हानीसाठी ६४ लाख ५० हजार युरो आणि मालमत्तेच्या हानीसाठी १३ लाख युरो. आपल्या खासगी गाडीच्या पॉलिसीत परक्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाख रुपयांची मर्यादा असते, त्याच्याशी हे आकडे ताडून पाहावेत. परदेशात गाडी चालवताना मनात खरी धास्ती असते ती कुणाला तरी जीवघेणी इजा होण्याची आणि आयुष्यभराची कमाई त्यात बुडण्याची. ती आर्थिक धास्ती या सक्तीच्या विम्याने जवळजवळ मिटते, आणि त्यासाठी काउंटरवर एक छदामही जास्त द्यावा लागत नाही. हे समजल्यावर पुढच्या सगळ्या पर्यायांकडे मी जरा शांतपणे पाहू शकलो.

याच निर्देशातली आणखी एक तरतूद आम्हांला थेट लागू होणारी होती. गाडीतल्या सहप्रवाशांना हा विमा त्रयस्थच मानतो आणि प्रवासी चालकाच्या कुटुंबातला आहे म्हणून त्याला वगळता येत नाही. म्हणजे माझ्या हातून अपघात होऊन शेजारी बसलेल्या पत्नीला इजा झाली असती, तर तिची भरपाई गाडीच्या सक्तीच्या विम्यातून मिळाली असती. या संरक्षणाच्या बाहेर राहतो तो एकटा चालक. आपल्याकडे मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, तसे तिथल्या भाडेकरूला आपोआप मिळत नाही. काउंटरवर ‘पर्सनल अ‍ॅक्सिडेंट’ नावाने जे विकतात ते प्रामुख्याने हीच उणीव भरून काढते. परंतु शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा घ्यावाच लागतो, तो आम्ही घेतलेला होता आणि गाडी चालवताना झालेली इजा त्यात वगळलेली नव्हती. त्यामुळे हा पर्याय मी फोंड्यातच यादीतून खोडून टाकला.

व्हिसासाठी घेतलेल्या त्या प्रवास विम्याची पुस्तिका मी त्या निमित्ताने पूर्ण वाचली. तिच्यात ‘वैयक्तिक उत्तरदायित्व’ नावाचे एक मोठ्या रकमेचे कलम होते, आणि गाडीच्या नुकसानीलाही ते उपयोगी पडेल असे क्षणभर वाटले. दोन पाने उलटल्यावर वगळणुकीच्या यादीत मोटार वाहन बाळगण्यातून किंवा वापरण्यातून उद्भवणारी कोणतीही जबाबदारी या कलमात येत नाही असे स्वच्छ लिहिलेले सापडले. विमा विकणारे एजंट हे पान उघडून दाखवत नाहीत. त्यात त्यांचा कावा असतोच असे नाही. बहुतेकांनी ते स्वतःही वाचलेले नसते.

आता प्रश्न उरला तो भाड्याच्या गाडीला होणाऱ्या नुकसानीचा आणि चोरीचा. भाड्यात ‘कोलिजन डॅमेज वेव्हर’ समाविष्ट आहे असे आरक्षणाच्या पानावर लिहिले होते, आणि चोरीसाठीही तसाच एक वेव्हर होता. हा मुळात विमाच नव्हे. गाडीचे नुकसान झाले तर ते तुमच्याकडून एका मर्यादेपलीकडे वसूल करणार नाही, असे भाडे कंपनीने करारात दिलेले ते आश्वासन असते. विमा कंपनीवर जशी सरकारी नियामकाची देखरेख असते, तसे या आश्वासनाचे नसते. भाड्याच्या करारात ज्या अटी असतील त्याच शेवटच्या. मर्यादेच्या आतली रक्कम, म्हणजे एक्सेस, आमच्या गाडीसाठी १४०० युरो होती. साधा ओरखडा असो किंवा पूर्ण चुराडा असो, १४०० युरोंपर्यंतचा खर्च माझा आणि त्यावरचा कंपनीचा, असा तो हिशेब होता.

त्या आश्वासनालाही छिद्रे होती. टायर, रिम, समोरची काच, आरसे, छप्पर आणि गाडीचा तळ यांना ते लागू नव्हते. चुकीचे इंधन भरले, किल्ली हरवली, गाडी कच्च्या रस्त्यावर नेली, करारात नाव नसलेल्या माणसाने चालवली किंवा मद्य पिऊन चालवली, तर मर्यादा कोसळून पूर्ण नुकसान भाडेकरूवर येत होते. मी करारपत्राचा मसुदा छापून घेतला आणि या कलमांवर पेन्सिलने खुणा केल्या. खेडोपाडी दगडी रस्त्यांवरून हिंडणाऱ्याच्या गाडीचे काय बिघडेल याचा अंदाज बांधला तर नाव निघते ते नेमके टायर, रिम, काच आणि तळ यांचेच. संरक्षणाच्या बाहेर काय ठेवायचे हे ठरवणाऱ्या माणसाला आपल्या धंद्याची उत्तम जाण असावी, हे मी कौतुकानेच म्हणतो.

एक्सेस शून्यावर आणण्याचा पहिला मार्ग भाडे कंपनीच देऊ करत होती: रोज २४ युरो जास्त भरले की १४०० ची मर्यादा नाहीशी होत होती आणि काच व टायरही आत येत होते. आमच्या मुक्कामाचा हिशेब केला तर ही रक्कम गाडीच्या भाड्याहून मोठी होत होती. दुसरा मार्ग आरक्षण करून देणाऱ्या मध्यस्थ संकेतस्थळाचा होता. त्याच्यामार्फत एका वेगळ्या विमा कंपनीचे संरक्षणपत्र मिळत होते. ते बरेच स्वस्त होते आणि त्यात काच, टायर, तळ हे सर्व नावानिशी लिहिले होते. मात्र त्याची पद्धत अगदी उलटी होती. भाडे कंपनीशी त्या विमा कंपनीचे काही देणेघेणे नसते. नुकसान झाले तर भाडे कंपनी आपल्या कार्डावरून पैसे कापते, आपण ते निमूटपणे भरायचे, आणि मग कागदपत्रे पाठवून विमा कंपनीकडून परत मिळवायचे. शिवाय हे पत्र हातात असले तरी काउंटरवर १४०० युरोंची रक्कम कार्डावर अडकवून ठेवली जातेच. तिसरा मार्ग क्रेडिट कार्डाच्या सोयींमध्ये असू शकतो, परंतु माझ्या कार्डाच्या माहितीपत्रकात भाड्याच्या गाडीचा उल्लेख नव्हता.

मी दुसरा मार्ग निवडला. ज्याच्या कार्डावर पुरेशी मर्यादा मोकळी नाही, किंवा ज्याला परतल्यावर पत्रव्यवहाराचा कंटाळा आहे, त्याने कंपनीचे महाग संरक्षण घ्यावे असे माझे आजही मत आहे, कारण तिथे तो पैसा सुटसुटीतपणासाठी दिलेला असतो. मला कागदांचे वावडे नाही. आयुष्यभर कचेरीत बसून दुसऱ्यांच्या फायली पाहिल्यानंतर स्वतःची एक फाइल चालवायला मी राजी होतो.

आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याचे काम त्या मानाने सरळ होते. सारथी पोर्टलवर अर्ज भरून १००० रुपये शुल्क भरले, फोंड्याच्या वाहतूक कार्यालयात मूळ परवाना आणि पासपोर्ट दाखवला, आणि १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारची ती पुस्तिका हाती आली. तिची मुदत १ वर्षाची असते, आणि मूळ भारतीय परवान्याशिवाय तिला एकटीला अर्थ नसतो. पत्नीनेही स्वतःसाठी ती काढली, कारण गाडी तीही चालवणार होती. या पुस्तिकेचा विम्याशी असलेला संबंध मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. पोर्तुगालच्या २००७ च्या सक्तीच्या विम्याच्या कायद्यात अशी तरतूद आहे, की चालकाकडे कायदेशीर परवाना नसेल किंवा त्याच्या रक्तात मर्यादेपेक्षा जास्त मद्य सापडले, तर विमा कंपनी जखमी माणसाला भरपाई देते आणि नंतर ती रक्कम त्या चालकाकडून वसूल करू शकते. आपल्या न्यायालयांतही ‘आधी द्या, मग वसूल करा’ हे तत्त्व परिचित आहे. म्हणजे ज्या ६४ लाख युरोंच्या भरवशावर मी निर्धास्त झालो होतो, तो भरवसा माझ्या परवान्याच्या वैधतेवर उभा होता. १००० रुपयांच्या पुस्तिकेकडे त्यानंतर मी निराळ्या आदराने पाहू लागलो.

कार्डाचे काम मी बँकेत जाऊन पुरे केले. भाडे कंपनीच्या अटींत मुख्य चालकाच्या नावाचे, उठावदार अक्षरांचे क्रेडिट कार्ड हवे असे लिहिले होते. डेबिट कार्ड आणि प्रवासासाठी पैसे भरून घेतलेले फॉरेक्स कार्ड ठेवीसाठी चालणार नव्हते. भारतीय कार्डावर परदेशातले व्यवहार स्वतः सुरू करून घ्यावे लागतात, तेही केले, आणि १४०० युरो रुपयांत मोजून त्यावर थोडी जागा सोडून मर्यादा मोकळी ठेवली. मेव्हण्याने आपले कार्ड देऊ केले होते, परंतु कार्ड त्याचे आणि करार माझा असा व्यवहार कंपनीला मान्य नव्हता.

लिस्बनच्या विमानतळावर भाडे कंपन्यांच्या काउंटरसमोर मोठी रांग होती. लांबच्या प्रवासाने अंग आंबलेले, झोप अपुरी आणि मागे उभ्या असलेल्या लोकांची घाई, अशा अवस्थेत माणसाला विम्याचे निर्णय घ्यायला लावणे हा या धंद्याचा ठरीव भाग असावा. आमचा करार तयार करणारी तरुणी अत्यंत सौजन्याने वागली, पण तिने सुरुवातच अशी केली: “तुम्ही विमा घेतलेलाच नाही असे इथे दिसते. बाहेर काही झाले तर १४०० युरो भरावे लागतील.” मी म्हणालो, “थर्ड पार्टी विमा भाड्यात आहे ना?” ती म्हणाली, “हो, तो तर असतोच.” मी पुढे विचारले, “आणि डॅमेज वेव्हरही आहे ना?” तेही तिने मान्य केले. मग मी एक्सेससाठी वेगळे संरक्षणपत्र घेतले असल्याचे सांगितले, तेव्हा ते आमच्याकडे चालत नाही असे ती म्हणाली. तिचे म्हणणे तिच्या बाजूने बरोबर होते. ते तिथे चालवण्यासाठी घेतलेलेच नव्हते. रोजचे २४ युरो नंतर १९ झाले. तरीही मी नको म्हटले, आणि तिने सुस्कारा न टाकता पुढचे पान वळवले.

यानंतर कार्डयंत्राच्या पडद्यावर रक्कम रुपयांत घ्यायची की युरोंत असा प्रश्न उमटला. रुपये आपल्या ओळखीचे, म्हणून बोट तिकडेच जाते. पण तिथला विनिमय दर यंत्रामागचा व्यापारी ठरवतो आणि तो सहसा आपल्या बँकेपेक्षा महाग पडतो. मी युरो निवडले. पत्नीचे नाव दुसरी चालक म्हणून करारात घातले आणि त्याचे वेगळे शुल्क भरले. ते वाचवावे असा मोह होतो, पण तिचे नाव कागदावर नसताना ती चाकामागे बसली असती तर वेव्हर गेलाच असता. पथकरासाठी ‘व्हिया व्हेर्द’चे यंत्र काचेला लावलेले होते, तेही करारात नोंदले गेले.

गाडी तळघरातल्या वाहनतळात उभी होती आणि तिथला उजेड मंद होता. कर्मचाऱ्याने गाडीच्या आकृतीचा कागद दिला, त्यावर दोन ओरखड्यांच्या खुणा आधीच होत्या. मी मोबाइलचा दिवा लावून चारही चाकांच्या रिम, बंपरच्या खालच्या कडा, काच आणि छप्पर पाहिले, तेव्हा आणखी काही ओरखडे आणि एका रिमवरची घासल्याची खूण सापडली. कर्मचारी म्हणाला की एवढ्या लहान खुणा आम्ही धरत नाही. मी त्याला नम्रपणे सांगितले की धरत नसाल तर लिहायलाही हरकत नसावी. त्याने हसून त्या खुणा केल्या, सही दिली, आणि मी वाड्यावरच्या तरुणाने शिकवल्याप्रमाणे सलग चित्रफीत काढली. डॅशबोर्डच्या खणात विम्याचे प्रमाणपत्र आणि दोन्ही चालकांनी मिळून भरायचा अपघाताचा छापील नमुना होता. मागे परावर्तक जाकीट आणि धोक्याचा त्रिकोण होता. तो नमुना युरोपभर एकाच रचनेचा असतो, त्यामुळे भाषा कळली नाही तरी रकाने ओळखता येतात.

रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय मला वाटले होते त्याहून लवकर झाली, चक्राकार चौक मात्र पहिल्या दिवशी घाम काढणारे ठरले. ए६ महामार्गाने आम्ही एल्वासला गेलो. तिथली तटबंदी पाहून झाल्यावर पत्नी म्हणाली की सीमा एवढी जवळ आहे तर स्पेनमधल्या बादाखोसला जेवून येऊ. मी करारपत्र काढले. सक्तीचा थर्ड पार्टी विमा युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत आपोआप चालतो, त्यामुळे स्पेनमध्ये कुणाला धक्का लागला असता तरी त्याची भरपाई झाली असती. पण भाडे कंपनीचा वेव्हर सीमा ओलांडण्याचे शुल्क भरून परवानगी घेतल्याशिवाय तिथे लागू नव्हता, आणि वेव्हर नसेल तिथे माझे संरक्षणपत्रही चालणार नव्हते, कारण ते एक्सेसपुरते होते. एकाच गाडीत बसून एक विमा सीमेपलीकडे जातो आणि दुसरा अलीकडे थांबतो, हे तिला समजावून सांगताना मलाही गंमत वाटली. आम्ही एल्वासमध्येच जेवलो.

एव्होराचे जुने शहर तटाच्या आत आहे आणि त्याच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की आरसे मिटून गाडी न्यावी लागते. म्हणून आम्ही तटाबाहेरच्या रोसियू द साँव ब्राश या मोठ्या मैदानात गाडी लावली आणि पायी आत गेलो. परतलो तेव्हा मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर निळ्या रंगाचा लांब घासा उमटलेला होता. शेजारची जागा रिकामी होती आणि काचेवर कुणी चिठ्ठी ठेवलेली नव्हती. अशा वेळी थर्ड पार्टी विमा काही कामाचा नसतो, कारण धक्का देणारा कोण हेच ठाऊक नसते. हे नुकसान सरळ एक्सेसच्या खात्यात जाते.

मी आधी गाडी न हलवता छायाचित्रे काढली, त्यांत आजूबाजूची जागा आणि वेळ दिसेल असे पाहिले, आणि करारावरच्या मदतवाहिनीला फोन लावला. पलीकडच्या माणसाने नोंद क्रमांक दिला आणि समोरचा पक्ष अज्ञात असल्याने पोलिसांचा कागद घ्यायला सांगितले. पोर्तुगालमध्ये शहरांत पीएसपी आणि ग्रामीण भागात जीएनआर अशी दोन निराळी पोलीस दले आहेत. एव्होरात आम्ही पीएसपीच्या चौकीत गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट, दोन्ही परवाने आणि करार पाहून निवेदन लिहून घेतले आणि शिक्क्याची प्रत दिली. मेव्हणा फोनवरून दुभाष्याचे काम करत होता. बंपरच्या ओरखड्यासाठी पोलिसांकडे जाणे अनेकांना अतिरेकी वाटेल, परंतु माझ्या संरक्षणपत्रात अज्ञात वाहनाच्या धडकेसाठी हा कागद सक्तीचा होता.

गाडी परत करताना तपासनिसाने घासा लगेच पाहिला. मी त्याला नोंद क्रमांक आणि पोलिसांची प्रत दिली, जुन्या खुणांचा कागद पुढे केला आणि नवे नुकसान हे एवढेच आहे असे परतीच्या पावतीवर लिहून सही घेतली. किल्ली पेटीत टाकून निघून जाण्याची सोय तिथे असते. पण तसे केले तर गाडी कोणत्या स्थितीत परत दिली याचा पुरावा आपल्याकडे उरत नाही. काही दिवसांनी फोंड्याला परतल्यावर ई-मेल आला: बंपर रंगवण्याचे २३ टक्के करासह ३१० युरो आणि हाताळणीचे ५० युरो कार्डावरून घेतले होते, आणि ठेवीची अडकवलेली रक्कम त्यानंतर मोकळी झाली.

३१० युरो मला जास्त वाटले, म्हणून मी भाडे कंपनीला दुरुस्तीचे सविस्तर बिल मागितले. पहिल्या उत्तरात एकाच ओळीचा आकडा आला. मी पुन्हा लिहिले की नुकसानीचा अहवाल, दरपत्रक आणि बिल यांशिवाय माझी विमा कंपनी दावा स्वीकारणार नाही. त्यावर तिन्ही कागद आले आणि आकडा मात्र तोच राहिला. भाड्याचा करार, घेताना आणि परत देतानाचे दोन्ही तपासणी कागद, पोलिसांची प्रत, बिल, कार्डाचे विवरणपत्र आणि परवान्याच्या प्रती असे सगळे एकत्र जोडून मी संरक्षणपत्राच्या कंपनीकडे दावा पाठवला. त्यांनी मधे एकदाच प्रश्न विचारला, तो कार्डाच्या विवरणपत्रातली रक्कम रुपयांत का आहे याविषयी. बँकेकडून युरोंतला आकडा दाखवणारे पत्र घेऊन ते धाडले.

काही आठवड्यांनी ३१० युरो खात्यात जमा झाले. येताना विनिमयात थोडी घट झाली, जाताना बँकेने परकीय चलनाचे शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतला होता, तो अर्थातच परत येणार नव्हता. हाताळणीचे ५० युरोही मिळाले नाहीत; संरक्षणपत्राच्या वगळणुकीत भाडे कंपनीचे प्रशासकीय शुल्क नाव घालून लिहिलेले होते. एवढे सगळे धरूनही माझा एकूण खर्च काउंटरवरच्या संरक्षणाच्या, अगदी १९ युरो रोजच्या दरानेही, निम्म्याच्या आतच राहिला. वाड्यावरच्या तरुणाने ती फाइल मागून नेली आहे. आपल्या ग्राहकांना द्यायच्या तपासणीच्या कागदावर चारही रिम आणि बंपरच्या खालच्या कडा आता तो वेगळ्या दाखवतो.